गणपतीच्या पाच दिवसांचे रकाने

मी एका औषध कंपनीत बावीस वर्षं नोकरी केली आणि त्या बावीस वर्षांत एकही गोळी बनवली नाही. मी कागद बनवत असे. रत्नागिरी शहराबाहेर कातळावर जी औद्योगिक वसाहत आहे, तिथे आमचा कारखाना. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून लांबवर समुद्राची एक रेघ दिसायची आणि समोरच जनरेटर. नातेवाईक मला औषधं विचारायचे, कुणाचे गुडघे, कुणाचं पित्त. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. आमची गोळी परदेशात विकायला परवानगी मिळावी म्हणून लागणारी फाइल तयार करायची आणि परवानगी देणाऱ्यांनी काही विचारलं तर असं उत्तर द्यायचं की त्यातून पुढचा प्रश्न निघू नये, एवढंच माझं काम. ह्याला रेग्युलेटरी म्हणतात. नव्याने लागलेल्या मुलींना मी सांगायची, ह्या कामात खोटं बोलावं लागत नाही, फक्त खरं कुठे थांबवायचं ते कळावं लागतं. हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमची कंपनी नवं औषध शोधणारी नव्हती. तेवढी तिच्यात ना अक्कल होती ना हिंमत. दुसऱ्याने शोधलेल्या औषधाची नक्कल करून विकणं हा आमचा धंदा. पण नक्कल हा शब्द कारखान्याच्या साहेबांना खपत नसे. जेनेरिक म्हणायचं. वर्षातून एकदा सगळ्यांना कँटीनमध्ये जमवून ते गरिबाला परवडणाऱ्या औषधावर भाषण करायचे, आणि तेव्हा त्यांचा आवाज खरोखर ओला व्हायचा. भाषण संपलं की आपल्या आधी दुसरी कुठली नक्कल करणारी कंपनी बाजारात उतरली तर काय होईल, ह्या काळजीने त्यांचा घसा कोरडा पडायचा.

मूळ औषध शोधणाऱ्या कंपनीबद्दलही मला काडीचा आदर नाही. ज्या गोळीची ही गोष्ट आहे ती फिट येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी. ती शोधली त्यांनी हुशारीने, ह्यात वाद नाही. त्या शोधावर त्यांना काही वर्षं मक्ता, म्हणजे पेटंट, मिळाला, तोही योग्यच. पण मक्ता संपत आला तशी ह्यांची प्रतिभा जागी झाली. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी एकदा घ्यायची केली, त्याचा नवा मक्ता. वरचं आवरण बदललं, त्याचा आणखी एक. आत औषध तेच, आजार तोच, आजारी माणूसही तोच. शोध लावायचं बंद झालं होतं आणि वकिलांचं काम तेवढं जोरात चाललं होतं.

आता अमेरिकेतला नियम असा, की अशा पोकळ मक्त्याला जी नक्कल करणारी कंपनी सगळ्यांत आधी आव्हान देईल आणि पुरी फाइल सर्वांत आधी दाखल करील, तिला बक्षीस म्हणून एकशे ऐंशी दिवस मोकळं रान. म्हणजे तिची गोळी बाजारात आल्यापासून सहा महिने दुसऱ्या कुणाची नक्कल तिथे येऊ शकत नाही. थोडक्यात, मक्ता मोडणाऱ्यालाही छोटा मक्ता. त्याला एक अट होती. फाइल दाखल केल्यापासून तीस महिन्यांत औषधखात्याची पहिली मंजुरी मिळाली नाही, तर हे बक्षीस हातचं जातं. एकशे ऐंशी आणि तीस, हे दोन आकडे साहेबांनी केबिनमधल्या फळ्यावर लाल अक्षरांत लिहून ठेवले होते. झाडूवाल्या बाईला ताकीद होती, की फळा पुसायचा नाही.

फाइलमध्ये एक गोष्ट लागतेच लागते, ती म्हणजे गोळी ठेवून ठेवून खराब होते की नाही ह्याचा पुरावा. त्यासाठी कारखान्यात एक खोली असते. तिला आम्ही चेंबर म्हणायचो. आत कायम पंचवीस अंश तापमान आणि साठ टक्के दमटपणा. त्यात गोळ्या महिनोन्‌महिने ठेवायच्या, मधून मधून काढून तपासायच्या. चेंबरचं तापमान यंत्र स्वतःच कागदाच्या पट्टीवर नोंदवतं, पण शिवाय माणसानेही सकाळ-संध्याकाळ जाऊन आकडा बघायचा, रजिस्टरात लिहायचा आणि सही करायची, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस.

हे काम अठरा वर्षं एकच माणूस करत होता. संगमेश्वरकडच्या एका आतल्या गावचा, शेतकरी घरातला, बारावी सायन्स. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणत असे. ते मला मॅडम म्हणत. घरचे बाकीचे सगळे पुरुष मुंबईला. हे एकटेच इथे राहिले, कारण म्हाताऱ्या आईला आणि भाताच्या दोन मळ्यांना कुणीतरी हवं होतं. रोज एसटीने यायचे. अक्षर टाइप केल्यासारखं. अठरा वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, की गणपतीला एकदा घरी या. दरवर्षी बोलवायचे, सगळ्या ऑफिसला. आम्ही सगळे हो हो म्हणायचो आणि कुणीही जात नसू.

गणपतीत आमच्याकडे काय होतं ते मी रत्नागिरीकरांना सांगायला नको, पण मुंबईच्या हेड ऑफिसला ते बावीस वर्षांत कळलं नाही. कारखाना त्या पाच दिवसांत कागदावर चालू असायचा. प्रत्यक्षात गेटवर एक वॉचमन आणि आत विजेचे दिवे. इथला माणूस दसऱ्याला कामावर येईल, दिवाळीला येईल, पण गौरी-गणपतीत त्याला घरून कुणी हलवू शकत नाही. साहेबांनी एका वर्षी सक्ती करून पाहिली आणि अख्खं पॅकिंग खातं एकदम आजारी पडलं. मी तरी कुठे यायची? माझ्या घरीही पाच दिवसांचा गणपती. पण नियम सांगत होता तीनशे पासष्ट दिवस, दोन वेळा. मग हे पाच दिवस कोण लिहिणार?

दादा लिहीत. जायच्या आदल्या संध्याकाळी बसून पाच दिवसांचे दहा रकाने भरून ठेवत, पंचवीस, साठ, सही. पंचवीस, साठ, सही. ह्यात लपवाछपवी अशी नव्हतीच. टेबलावर, चहा पिता पिता, सगळ्यांच्या देखत. ज्याने त्याने ते पाहिलेलं होतं.

मी अगदीच गप्प बसले नव्हते, एवढं स्वतःच्या बाजूने सांगते. सुरुवातीच्या एका वर्षी मी हेड ऑफिसला लिहिलं होतं, की आपल्या लेखी नियमात एक ओळ घालू या: गौरी-गणपतीचे पाच दिवस माणूस आकडा लिहिणार नाही, यंत्राची पट्टी हाच पुरावा धरावा. साधी ओळ. जगातल्या कुठल्याही तपासणाऱ्याने ती मान्य केली असती. हेड ऑफिसमधल्या बाईंनी नाक मुरडलं. मूर्ती बसवतात म्हणून कारखाना पाच दिवस वाऱ्यावर सोडतात, असं फॉरेनवाल्यांना कागदावर लिहून द्यायचं का, म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये तेव्हा गणपती होता, थर्माकोलच्या मखरात. मी ती ओळ काढून टाकली आणि विषय संपवला.

ज्या वर्षी त्या फिटच्या गोळीची फाइल जायची होती, त्या वर्षी गणपती आले गोळ्या चेंबरमध्ये ठेवल्याच्या चौथ्या महिन्यात. साहेब फळ्याकडे बोट दाखवून रोज माझं डोकं खात होते. सहा महिन्यांचा पुरावा पुरा झाला की त्याच दिवशी फाइल गेली पाहिजे, एक दिवस उशीर झाला तर दुसरी कंपनी पहिली होईल. मी दादांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "दादा, ह्या वेळी रजिस्टरात एकही रकाना रिकामा दिसता कामा नये." ते हसले. "मॅडम, कधी दिसला काय?" म्हणाले. मीही हसले. मी काय सांगितलं ते मला कळत होतं आणि त्यांना काय कळलं तेही.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारपासून पाऊस आणि वारा असा सुरू झाला की अर्ध्या तालुक्याची वीज गेली. कारखान्याचा जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. वॉचमनला तो सुरू करता येत नव्हता. अकरा तास चेंबर बंद. आतलं तापमान एकतीसवर गेलं आणि वीज आल्यावर हळूहळू उतरलं. यंत्राने हे सगळं प्रामाणिकपणे पट्टीवर काढून ठेवलं. रजिस्टरात मात्र त्या दिवशी सकाळी पंचवीस, संध्याकाळी पंचवीस.

एकतीस अंशांनी त्या गोळीचं काहीही बिघडलं नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात माणसाच्या खिशातली गोळीही त्याहून गरम असते. वीज गेली होती, तापमान चढलं, उतरलं, गोळ्या तपासल्या, ठीक आहेत, एवढ्या चार ओळी फाइलमध्ये लिहिल्या असत्या तर भागलं असतं. पण त्या लिहायच्या तर आधी रिकामे रकाने असायला हवे होते. महिना संपल्यावर रजिस्टरच्या पानाखाली दुसरी सही लागते, तपासणाऱ्याची. क्वालिटी खात्यातला माणूस नोकरी सोडून गेला होता, म्हणून ती तीन-चार महिने मी करत होते. मी पान पाहिलं आणि सही केली. फाइल वेळेत गेली. आम्ही पहिले ठरलो. कँटीनमध्ये पेढे वाटले.

तपासणी झाली ती दीड वर्षाने. अमेरिकेच्या औषधखात्याची एक बाई, चाळिशीची, शांत, भाट्याच्या किनाऱ्याकडे एका हॉटेलात उतरलेली. साहेबांनी तिच्यासाठी कारखाना रंगवून घेतला, कुंड्या आणल्या, बाथरूममध्ये सुवास फवारला. बाथरूम तिने पाहिलंही नाही. तिने तिसऱ्या दिवशी तीन गोष्टी मागितल्या: चेंबरचं रजिस्टर, यंत्राची पट्टी आणि गेटवरचं हजेरीपुस्तक. तिन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलने फक्त एका तारखेवर टिंब केलं. रजिस्टरात सही करणारा माणूस त्या दिवशी गेटमधून आतच आलेला नव्हता. वॉचमन दूरच्या मुलखातला, त्याचा गणपती नव्हता, त्यामुळे त्याने त्या पाच दिवसांत सगळं खरं लिहिलं होतं. आमच्या कारखान्यात आम्ही सोडून दोघांनी खरं लिहिलं होतं, एक यंत्र आणि एक वॉचमन.

तिने दादांना बोलावलं. त्यांना इंग्रजी बोलता यायचं नाही, म्हणून भाषांतराला मी. खोलीत ती, दादा, मी आणि कोपऱ्यात घाम पुसणारे साहेब. हे आकडे कधी लिहिले ते ह्यांना विचारा, असं ती मला म्हणाली.

दादांनी खुर्चीत सरळ बसून सांगितलं, "आदल्या दिशी भरून ठेवतो. दरवर्षीच ठेवतो. गनपतीत हितं कोन आसतो? मॅडमना म्हाईती हाय."

मी इंग्रजीत म्हटलं, रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी आपण हे आकडे भरले, असं ते म्हणतात.

इतकंच. दरवर्षी हा शब्द मी गाळला आणि शेवटचं वाक्यही गाळलं. ठरवून गाळलं, हे स्पष्टच सांगते, घाईत नव्हे. दादांना बोलता येत नसलं तरी अठरा वर्षं इंग्रजी लेबलं वाचलेला माणूस तो. दरवर्षीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली, पायांतल्या निळ्या प्लास्टिकच्या आवरणांकडे. बाईने विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मी विचारलं. ते म्हणाले, "नाय."

ती गेल्यावर मुंबईहून एक सल्लागार आला. ह्या जमातीवर मी एक पुस्तक लिहू शकेन. गळ्यात पट्टा, हातात दोन फोन, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' ज्याने आयुष्यात कधी चेंबरचं दार उघडलं नसेल तो आम्हाला चेंबर समजावत होता. पण मुद्द्याचं त्याला बरोबर कळत होतं. ही पद्धत आहे असं कबूल केलं, तर अठरा वर्षांतली सगळी औषधं संशयात येणार, सगळे पुरावे पुन्हा गोळा करावे लागणार आणि तीस महिने केव्हाच उलटून जाणार. एका माणसाने आपल्या मनाने केलं असं म्हटलं, तर त्या माणसाला काढायचं, बाकीच्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि पुढे चालायचं. सवय म्हटली तर कारखाना गेला, माणूस म्हटला तर माणूस गेला. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. कुणी काही ठरवलं असं झालंच नाही. सल्लागाराने पुढचं पान उघडलं.

खात्याला द्यायचं उत्तर मी लिहिलं. चौदा पानं. माझ्या बावीस वर्षांतलं सगळ्यांत सुबक लेखन ते. त्यात कारखान्याच्या गुणवत्तेच्या परंपरेवर एक परिच्छेद होता, आणि लिहिताना मला हसूही आलं नाही. त्याला जोडायला दादांचा जबाब हवा होता, त्यांच्या हस्ताक्षरात. मसुदा मी तयार केला: मी हे आकडे स्वतःच्या मनाने भरले, मला कोणी सांगितले नव्हते, इतर कोणास याची माहिती नव्हती. त्यांनी माझ्यासमोर बसून त्या टाइप केल्यासारख्या अक्षरात तो उतरवायला घेतला. मध्येच थांबले.

"मॅडम, 'कोनी सांगितलं न्हवतं', हे लिवायलाच पायजे काय?"

मी म्हटलं, "पाहिजे, दादा."

त्यांनी लिहिलं. भांडले असते, मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज जरा बरी झोपले असते. साहेबांनी राजीनामा घेतला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, थोडे दिवस जाऊ दे, मग बघू. थोडे दिवस कधीच गेले नाहीत. त्यांची मुलगी तेव्हा दहावीला होती. तिला औषधांच्या कॉलेजात घालायचं असं ते कित्येक वर्षं सांगत असत, आमच्याच कारखान्यात लागेल म्हणून.

रजिस्टर तपासणाऱ्याला शिक्षा झाली नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. उत्तरात लिहिलं होतं, तपासणाऱ्या कर्मचाऱ्यास पुनःप्रशिक्षण देण्यात येईल. ते देण्यात आलं. त्याच सल्लागाराने दोन तास स्लाइड दाखवल्या, मध्ये बटाटेवडे आले, शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा झाली. मला वीसपैकी वीस पडले.

मंजुरी एकोणतिसाव्या महिन्यात आली. हेड ऑफिसहून केक आला, त्यावर क्रीमने १८० लिहिलेलं. साहेबांनी पुन्हा गरिबांवर भाषण केलं. आमची गोळी अमेरिकेत गेली, सहा महिने बाकीच्या कंपन्या दाराबाहेर ताटकळल्या आणि ह्या सहा महिन्यांत आमची नक्कल मूळ गोळीपेक्षा जेमतेम स्वस्त विकली गेली, कारण स्वस्त करायला भाग पाडील असं आत दुसरं कुणी नव्हतंच. हाच तर बक्षिसाचा अर्थ. फिट येणाऱ्या माणसाचं ह्यात काय भलं झालं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. साहेब बढती मिळून गेले. फळा पुसला गेला.

दादा वर्षभर घरी होते. मग सावर्ड्याजवळ हायवेला आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात त्यांना शीतगृह सांभाळायचं काम मिळालं, असं कानावर आलं. मी फोन केला नाही. काय म्हणून करणार होते?

निवृत्त झाल्यावर पहिल्याच गणपतीत मी त्यांच्या घरी गेले. प्रायश्चित्त वगैरे म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्यांनी मला माफ केलंय असं मला बघायचं होतं, तेही तोंडातून एक शब्द न काढता. गौरीचा दिवस होता. एसटीने उतरून चिखलातून अर्धा कोस चालले. चिऱ्याचं छोटं घर, नवा पत्रा, गणपतीवर माटवीची लाकडी चौकट बांधलेली, तिला सुपारीचे घड, नारळ, कवंडळांची लाल फळं टांगलेली. अंगणात वाडीतली पोरं पायांत चाळ बांधून नाचाची तयारी करत होती. दादा केस पिकून बारीक झाले होते. मला पाहून ते अगदी खूश झाले. साऱ्या घराला ओरडून सांगितलं, कंपनीतल्या मॅडम आल्या. त्यांच्या आईंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

मी विचारलं, नव्या ठिकाणी गणपतीत काय करता? ते म्हणाले, "रजिस्टर हाय तिथंपन. पाच दिवस रिकामं सोडतो. वर लिवतो, गनपती. कोन काय बोलत नाय." आणि हसले. ह्या हसण्यात टोमणा असता तर मी घेतला असता; तो नव्हता.

मुलगी मोदकांचं ताट घेऊन आली. ती आता औषधांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, मॅडम, एक विचारू का. मग तिने सांगितलं, अमेरिकेचं खातं तपासणीत सापडलेल्या गोष्टी आपल्या संकेतस्थळावर टाकतं. सरांनी वर्गात खोट्या नोंदींचा धडा शिकवताना त्यातलंच एक पत्र पडद्यावर दाखवलं. माणसाचं नाव नव्हतं, 'एक कर्मचारी' एवढंच होतं. पण कारखान्याचं नाव होतं आणि तारखा गणपतीच्या होत्या. सर म्हणाले, बघा, असा एक अप्रामाणिक माणूस अख्खी कंपनी बुडवू शकतो. सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तिनेही लिहून घेतलं.

दादा गणपतीपुढच्या समईची वात सारखी करत होते, पाठ आमच्याकडे.

मुलगी म्हणाली, "त्यात दुसऱ्या सहीचंही होतं. तपासणाऱ्याची. ती वाचून केली की न वाचता, ते पत्रात नाही म्हणून सरांनी आम्हाला विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. तुम्ही तिथे होता ना तेव्हा? कोण होतं ते?"

दादा वळले नाहीत. वात पुढे सरकवत म्हणाले, "आसंल कोन तरी मुंबईचा. न वाचताच केली आसंल, कामं काय कमी आसतात? मोदक वाढ मॅडमना."

त्यांनी माझ्यासाठी वाट करून दिली होती, आणि मी त्या वाटेने गेले. मी म्हटलं, "हो, न वाचताच केली असेल." मुलीने मान डोलावली. तिने माझ्या ताटलीत आणखी एक मोदक ठेवला, वर तूप सोडलं. मी तो खाल्ला. चांगला झाला होता.

साहेब, सल्लागार, थर्माकोलच्या मखरातल्या बाई, मूळ कंपनीचे वकील, ह्या सगळ्यांना मी वर मनसोक्त नावं ठेवली आहेत आणि त्यातलं एकही मागे घेणार नाही. पण त्यांच्यापैकी कुणीही त्या मुलीच्या हातचा मोदक खाल्लेला नाही. पुढे दोन वेळा तिला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिचं शेवटचं वर्ष आहे. हे छापून आलं तर कधीतरी तिच्या हाती पडेल, म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते. ती सही माझी होती. त्या पाच दिवसांत कारखान्यात कुणी नव्हतं हे मला माहीत होतं, कारण मीही घरी मोदक वळत होते. पान मी वरपासून खालपर्यंत वाचलं होतं, आणि वाचून सही केली होती.